मिरांडा सरांना चुका हव्यात

१२ ऑगस्ट, सोमवार

मी एक नंबरची मूर्ख बाई आहे. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला शोधून काढायला नको.

आज प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. लॅटिन शिकवणारे सर महिनाअखेरीस दुबईला चाललेत. शाळेच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलंय, फ्रेंच, लॅटिन आणि स्पॅनिश, तिन्ही शिकवणारी परळमधली एकमेव शाळा. नववीच्या बारा मुलांनी तिन्ही भाषा घेतल्यात. फ्रेंच आणि स्पॅनिश मीच शिकवते. मॅडमनी माझा बायोडेटा समोर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "लॅटिन : प्राथमिक." सहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं मी ते. त्या रकान्यात जागा रिकामी दिसत होती म्हणून. लोक छंदात 'वाचन' लिहितात ना, तसं. माझं लॅटिन म्हणजे एम.ए.ला फ्रेंच शब्दांची मुळं म्हणून पाठ केलेले चाळीसेक शब्द, त्यातलेही निम्मे विसरले.

मॅडम म्हणाल्या, जमेल ना अनुजा? मी म्हटलं, जमेल की. माझ्या जिभेला हाड नाही.

पुढचं त्यांनी मग सांगितलं. फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक पेपर काढणार. बाराच्या बारा मुलं पास झाली तर पुढच्या वर्षी लॅटिन राहील, नाहीतर बंद. माझं कंत्राटही मार्चपर्यंतच आहे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "खोटं बोललीस ना? मग आता ते खरं करून दाखव."

१७ ऑगस्ट, शनिवार

कॉलेजातल्या माझ्या फ्रेंचच्या बाईंनी एक पत्ता दिला होता. झेवियर मिरांडा, माझगाव. फोन उचलत नाहीत, थेट जा म्हणाल्या. रे रोडला उतरून लाकडाच्या वखारींवरून चालत गेले. चपला भुशाने भरल्या. जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं खालच्या मजल्याचं घर. दार त्यांच्या बहिणीने उघडलं, एडना आंटी. सत्तरीच्या पुढच्या असतील. त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, कोण तू.

सर एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. इस्त्रीची पँट, वर बनियन. इंग्रजी एकदम पुस्तकी, आणि मराठी घरचं, ते जुन्या मुंबईचं, आपल्या कोळीवाड्यात ऐकू येतं त्याच्या जवळचं. तेवीस वर्षं लॅटिन शिकवलं त्यांनी. मग शाळांनी लॅटिन काढून टाकलं, तेव्हा निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. शेवटच्या वर्षी लॅटिनच्या वर्गात एकच मुलगा उरला होता म्हणे.

मी सगळं खरं सांगितलं. बायोडेटासकट. त्यांनी एक पान वाचायला लावलं. मी वाचलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, धीट आहेस. वाचन चांगलं आहे असं म्हणाले नाहीत.

फीचं विचारलं तर हात झटकला. म्हणाले, "पैशे नको. तुझ्या पोरांचे पेपर आन. बरोबर उत्तरं मना नको, ती पुस्तकात हायेत. मना चुका पायजेत."

विक्षिप्त आहेत. पण फुकट शिकवणारा माणूस विक्षिप्त असला तरी मला चालतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, शाळा सुटल्यावर.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज शिक्षक दिन. मुलांनी फूल दिलं. ते घेताना चोरी केल्यासारखं वाटलं.

माझं आयुष्य सध्या असं आहे. मंगळवारी सरांकडे धडा शिकायचा, बुधवारी तोच वर्गात शिकवायचा. मुलं माझ्या एक दिवस मागे आहेत. फक्त एक दिवस. एखादा हुशार कार्टा पान उलटून पुढचं वाचायला लागला तर माझी अब्रू चव्हाट्यावर.

लालबागमध्ये गणपतीच्या तयारीने रस्ते बंद. घरी पोचायला तास गेला, तो मी उभ्या उभ्या पाठांतरात घालवला. शेजारच्या बाईंना वाटलं मी अथर्वशीर्ष म्हणतेय. त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काल सरांनी पहिल्यांदा माझ्या देखत पेपर तपासले. हे लिहून ठेवायलाच हवं.

बारा पेपर. नावं मी घडी घालून झाकली होती. मला वाटलं होतं भराभर लाल रेघा मारतील. छे. प्रत्येक चुकीशी थांबायचे, भिंग लावून बघायचे, कधी हसायचे. मग मला एकेका मुलाबद्दल सांगायला लागले. त्यांतल्या कुणालाही न बघता.

एका पेपराला म्हणाले, हिची घाई बघ, शब्दाचा पुढचा भाग वाचते आणि शेवट सोडून देते, आणि लॅटिनमध्ये तर सगळं शेवटाला असतं. घडी उघडली तर सेलिना. वर्गात पण अशीच, माझं वाक्य माझ्याआधी संपवते. दुसऱ्याला म्हणाले, ह्याच्या लॅटिनमध्ये स्पॅनिश गळते, हा डोळ्यांनी नाय शिकत, कानांनी शिकतो. वैभव! तो स्पॅनिश मॅचच्या कॉमेंट्रीवरून शिकलाय, शिवाजी पार्कच्या पोरांबरोबर रात्रंदिवस फुटबॉल बघून.

तिसरा पेपर मात्र नुसताच हातात धरून बसले. किर्तीचा. अर्ध्या जागा कोऱ्या. जे लिहिलंय ते सगळं बरोबर. मी म्हटलं, ही माझी सगळ्यात व्यवस्थित मुलगी. तर म्हणाले, "ही घाबरते. हिला आधी चुकायला शिकव."

सहा वर्षं मी मुलांचे पेपर तपासतेय. फ्रेंचचे, स्पॅनिशचे, ढिगांनी. चूक दिसली की रेघ मारायची आणि गुण कापायचे, एवढंच मला माहीत. ह्या माणसाने दोन तासांत माझा अख्खा वर्ग मला समजावून सांगितला. मी घरी येईपर्यंत दुसऱ्या कशाचा विचारच करू शकले नाही. असे शिक्षक मला का नाही मिळाले लहानपणी?

एक गडबड झाली. सेलिनाने आज विचारलं, मिस तुम्ही माझगावला राहता का? मी म्हटलं, मावशी राहते. ती "अच्छा" म्हणाली आणि गेली. हुश्श.

९ ऑक्टोबर, बुधवार

आजचा तास मी जन्मात विसरणार नाही.

फळ्यावर तीन रकाने काढले. लॅटिन, फ्रेंच, स्पॅनिश. पाणी, रात्र, भाकरी, आई, हात. मुलांनी शब्द भरले. त्यांना दिसलं. एकाच घरातली माणसं एका ओळीत उभी होती. किर्ती, जी कधी तोंड उघडत नाही, ती उठली आणि म्हणाली, मिस, आमच्यात पण असंच आहे, वरळीची माझी आत्या आणि वेसाव्याची मामी एकाच मासळीला जरा जरा वेगळं म्हणतात, आणि दोघींना वाटतं आपलंच बरोबर. मग काय, सगळे सुटले. कोणाची मालवणी, कोणाची कोकणी, सेलिनाने तिच्या आजीचं मराठी. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

आज वार नसताना मुद्दाम जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी किर्तीचं बोलणं मला दोनदा सांगायला लावलं. मग एडना आंटींना हाक मारून तिसऱ्यांदा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी रुळावर आहे. देवाची कृपा आणि माझी हुशारी. म्हणजे खरं सांगायचं तर मला आता जमायला लागलंय. इतका सफाईदार मुखवटा मी चढवलाय की कोणाला पत्ता नाही. वैभव फ्रेंच आणि स्पॅनिशला प्रश्न विचारून माझं डोकं खातो, हे असं का आणि ते तसं का, पण लॅटिनला अगदी शहाणा. धड्यात आहे तेवढंच विचारतो. सगळेच तसे. एवढ्या दिवसांत एकदाही कोणी मला धड्याच्या पुढचं विचारून अडचणीत आणलेलं नाही.

आज एकाने पुढच्या पानावरचं काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण सेलिनाला नेमकी खोकल्याची उबळ आली आणि ते राहून गेलं. तिला फारच खोकला येतो हल्ली. गेल्या आठवड्यातही असाच आला होता. तिच्या आईला फोन करून डॉक्टरला दाखवायला सांगायला हवं.

२४ डिसेंबर, मंगळवार

सरांकडे सणाची गडबड. एडना आंटींनी डबा भरून गोडधोड दिलं. सर आज शिकवणार नाहीत असं धरून मी नुसते पेपर द्यायला गेले होते, तर ते दारातच खुर्ची टाकून वाट बघत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मला वाटलं चर्चला निघालेत. आंटी म्हणाल्या, चर्च रात्री आहे, हा दुपारी दोनपासून तयार होऊन बसलाय. म्हाताऱ्या माणसांना वेळेचं काही कळत नाही.

आज किर्तीने पहिल्यांदा सगळ्या जागा भरल्या. सहा चुका. सर इतके खूश झाले की त्यांनी त्या सहाही मोठ्याने वाचून दाखवल्या, नाताळच्या कॅरलसारख्या.

१० जानेवारी, शुक्रवार

सर पडले. बुधवारी सकाळी बाथरूममध्ये. खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं, इथेच परळला, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. आज भेटायच्या वेळेत गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी बोलत राहिले तरी वळले नाहीत. एडना आंटी बाहेर येऊन म्हणाल्या, दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. डॉक्टर म्हणतात उभं राहायचा प्रयत्न केला पाहिजे, हा नको म्हणतो.

मला फार भीती वाटली. परीक्षेची नाही. परीक्षा आठवली ती परत येताना, आणि मग त्याची लाज वाटली.

१४ जानेवारी, मंगळवार

त्यांचं मन रमेल म्हणून कालचे पेपर घेऊन गेले. भिंग हातात दिलं. त्यांनी एक एक बघितला. बारा पेपरांत मिळून दोन चुका. मुलं खरंच तयार झालीत, मी खूश होते. मला वाटलं त्यांनाही आनंद होईल. ते पेपर परत देऊन म्हणाले, "बरं झालं. आता मना काय काम नाय." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

दुखत असणार खूप. समोर जेवणाचं ताट तसंच पडलेलं. कॉरिडॉरमध्ये सेलिनाची आजी एडना आंटींशी बोलताना दिसली, त्यांची चर्चमधली मैत्रीण निघाली. मी घाबरून ओळख न दाखवता सटकले.

१७ जानेवारी, शुक्रवार

डोकं फुटायची वेळ आली आहे.

आजची चाचणी. एकेचाळीस चुका. बारा मुलांत एकेचाळीस! ज्या गोष्टी सप्टेंबरमध्ये येत होत्या त्या आज येत नाहीत. सेलिनाने भाषांतरात राणीला शेत नांगरायला लावलं. वैभवने निम्मा पेपर स्पॅनिशमध्ये लिहिला. आणि किर्ती, माझी किर्ती, तिने ठसठशीत अक्षरात सातच्या सात क्रियापदं चुकवली. मी फार बोलले. आवाज चढला माझा. म्हटलं, इतके महिने घसा फोडला तो काय भिंतींसाठी? सगळे खाली मान घालून बसले. वैभवच्या तोंडावर तर हसू होतं असं मला वाटलं. निर्लज्ज कुठला.

पाच आठवडे उरलेत.

१८ जानेवारी, शनिवार

पेपर नेऊ नयेत असं ठरवलं होतं. पण आंटींनी विचारलं, काही आणलंस का, म्हणून पिशवीतून काढले. सरांची माफी मागितली आधी. म्हटलं, मीच कमी पडले.

त्यांनी पहिला पेपर बघितला. दुसरा बघितला. मग म्हणाले, मना बसव. नर्सने आणि मी उशा लावून बसवलं. दीड तास. किर्तीच्या पेपरला आले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "पोरी, ही चूक करायला बरोबर उत्तर यावं लागतं."

काय म्हणायचं होतं कोण जाणे. औषधांची गुंगी असेल. माझ्या वर्गाची वाट लागलीय आणि ह्यांना हसू येतंय. राग आला, पण दाखवला नाही. निघताना आंटी त्यांना पेज भरवत होत्या आणि ते तोंड उघडत होते, तेवढं एक बरं झालं.

२७ जानेवारी, सोमवार

चुका वाढतच आहेत. आणि कसल्या कसल्या! असल्या चुका मी जन्मात पाहिल्या नाहीत. उजळणी घेतली, ज्यादा तास घेतले, काही उपयोग नाही. तोंडी विचारलं तर फाडफाड उत्तर देतात. पेनाला हात लावला की बट्ट्याबोळ. मुलांना लेखी परीक्षेची भीती बसली असावी, असं काहीतरी असतं म्हणतात.

सर मात्र कालपासून वॉकर धरून चार पावलं टाकतात. मी पेपर घेऊन येईपर्यंत चालून दाखवायचं अशी आंटींनी पैज लावलीय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी सराव परीक्षेचे गुण मागवले. सात मुलं नापास. त्यांनी चष्मा काढून विचारलं, अनुजा, हे काय आहे?  त्या म्हणाल्या, बाहेरच्या परीक्षकांसमोर हे झालं तर शाळेचं हसं होईल, त्यापेक्षा लॅटिन आत्ताच बंद केलेलं बरं. सोमवारपर्यंत विचार करून सांगते म्हणाल्या.

 हे सगळं माझ्यामुळे. ज्याला येतं त्याने शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. बारा हुशार मुलांचं वर्ष मी एका रिकाम्या रकान्यापायी घालवलं. मी राजीनामा देणार. पण आधी मुलांना खरं सांगणार. त्यांना वाटायला नको की तीच ढ आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पहिला तास. दार लावून घेतलं. टेबलावर हात टेकून उभी राहिले आणि सांगितलं. मला लॅटिन येत नाही. ऑगस्टमध्ये अजिबात येत नव्हतं. मी माझगावच्या एका सरांकडे शिकते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला शिकवते. तुम्ही नापास होताय त्यात दोष माझा आहे.

मला वाटलं होतं गोंधळ होईल.  पण सेलिना म्हणाली, "माहीत आहे मिस. सप्टेंबरपासून."

तिच्या आजीने मला सरांच्या दारात पाहिलं होतं. तिने घरी सांगितलं, सेलिनाने वर्गाला. बाराजणांनी ठरवलं, मिसना धड्याबाहेरचं विचारायचं नाही. कोणी विसरला तर सेलिना खोकणार. मी खुर्चीत बसले. 

मग चुकांचं विचारलं. आता वैभव बोलला. सर जेवत नव्हते, सेलिनाची आजी रडत रडत सांगत होती, आणि एडना आंटी म्हणाल्या होत्या की त्याला चुका लागतात, त्याच संपल्या. म्हणून. चुका वाटून घेतल्या होत्या त्यांनी. रोज मधल्या सुट्टीत बसून ठरवायचे, कोणी काय चुकवायचं, सोप्या नकोत, सरांना ओळखायला मजा आली पाहिजे. सगळ्यात अवघड चुका किर्ती करायची, कारण तिला सगळ्यात जास्त येतं.

मी त्यांच्यासमोर रडले. लपवलं नाही. सहा महिने मी समजत होते की मी ह्यांना सांभाळतेय.

डोळे पुसून म्हटलं, परीक्षेत मात्र सगळं बरोबर लिहायचं. एकही चूक मला नकोय. सगळ्यांनी माना डोलावल्या. वैभवने विचारलं, "मग सरांना काय द्यायचं?" 

तासानंतर तशीच केबिनमध्ये गेले आणि मॅडमनाही सगळं सांगितलं. त्या फार चिडल्या. चिडणं बरोबरच होतं. बायोडेटाची ती ओळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली, मी वाचली. शेवटी म्हणाल्या, परीक्षा होऊ दे, तुझं नंतर बघू.

२४ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा झाली. परीक्षक बाई बेंगळुरूच्या, कडक. मला वर्गात थांबू दिलं नाही. व्हरांड्यात उभी राहून नखं खाल्ली, छत्तिसाव्या वर्षी. किर्ती सगळ्यांत शेवटी बाहेर आली. म्हणाली, मिस, एक जागा मला येत नव्हती, खरंच येत नव्हती, पण मी भरली.

६ मार्च, गुरुवार

बाराच्या बारा पास. पन्नासपैकी सगळ्यात कमी त्रेचाळीस. तीन जणांचे पन्नास. किर्तीचे एकोणपन्नास.

मॅडम मिठाई वाटत होत्या. मला बाजूला घेऊन सांगितलं, लॅटिन राहणार, दहावीलाही. मीही राहणार, एक वर्ष. पण पुढच्या फेब्रुवारीत ह्याच परीक्षक बाईंचा पेपर मला द्यायचाय, मुलांबरोबर, मुलांच्या बाकावर बसून. नापास झाले तर नमस्कार. मी म्हटलं, मान्य. ह्यावेळी "जमेल की" म्हटलं नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, चल, निम्मं तरी खरं झालं.

८ मार्च, शनिवार

सर गेल्या आठवड्यातच घरी आले, वॉकर घेऊन. आज मुलांचे परीक्षेचे पेपर झेरॉक्स करून नेले. त्यांना सगळं सांगितलं, मुलांनी काय केलं तेही. त्यांना अर्थातच माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. मला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, पोरांनी इतक्या मेहनतीने केलेलं, मी कशाला मोडू.

मग त्यांनी पेपर बघितले. भिंग खाली खाली सरकत होतं आणि क्वचितच थांबत होतं. किर्तीच्या पेपरवर जरा जास्त थांबलं, त्या एका भरलेल्या जागेवर, आणि त्यांनी तिथे हळूच बोट फिरवलं. बाकी सगळ्या घाईतल्या किरकोळ चुका. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. एरवी दोन तास लागायचे. त्यांनी पेपर नीट जुळवून माझ्या हातात दिले. चेहऱ्यावर अभिमान होता, खूप होता, पण हात मांडीवर नुसते पडले होते. एडना आंटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मला वैभवचा प्रश्न छळायला लागला.

मी पर्समधून पेन काढलं. प्रश्नपत्रिका होतीच. म्हटलं, सर, मुलांचं झालं. हा पेपर मी अजून दिलेला नाही.

 सर वॉकर ओढून स्वतः टेबलापर्यंत चालत गेले, वरचा पसारा बाजूला केला आणि मला खुर्ची दाखवली. आंटींना घड्याळ लावायला सांगितलं. एक तास. पुस्तक बंद, बोलायचं नाही, बाहेर बघायचं नाही.  तीन जागा येत नव्हत्या, त्याही भरल्या.

वेळ संपल्यावर त्यांनी पेपर ओढून घेतला. भिंग लावलं. पहिल्याच ओळीत थांबले. आंटींना चहा टाकायला सांगितलं आणि बनियनवर शर्ट चढवला. पहाटेपर्यंत बसायची तयारी असल्यासारखे खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "आता आलं ना काम."

एकोणीस चुका निघाल्या. त्यातली एकही मी मुद्दाम केली नव्हती.